ओरांगउटानचे पिल्लू दत्तक घ्यावे, की त्याच्या जंगलासाठी पैसे द्यावेत?

मीनल_सिंगापूर

आम्ही सिंगापुरातील काही मराठी कुटुंबे दरवर्षी वर्गणी काढून एखाद्या कामाला देतो. यंदा ती बोर्निओ-सुमात्रातील ओरांगउटानसाठी द्यायची, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. ज्यांनी २०१३ आणि २०१५ मध्ये इंडोनेशियातील आगींचा धूर येथे राहून सोसला, त्यांना तिकडची जंगले हा परका विषय वाटत नाही. जून २०१३ मध्ये येथील प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एके दिवशी शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

मतभेद त्यापुढचा आहे. निम्म्या मंडळींना एखादे अनाथ पिल्लू ‘दत्तक’ घ्यायचे आहे, कारण त्यात छायाचित्र मिळते, प्रमाणपत्र मिळते, वर्षभर खुशालीची पत्रे येतात आणि मुलांना त्यात गोडी वाटते. उरलेल्यांचे म्हणणे असे की पिल्लांवर खर्च करणे म्हणजे मूळ दुखणे सोडून वरवर उपचार करणे होय. त्यांचा आधार २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. २००० ते २०१९ या काळात ओरांगउटानच्या संवर्धनावर शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली, आणि तिच्यापैकी अधिवासाचे रक्षण, गस्त व लोकजागृती यांवर घातलेल्या पैशाचे फळ सुटका, पुनर्वसन आणि स्थलांतर यांपेक्षा अधिक मिळाले, असा त्याचा निष्कर्ष आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. हातात मर्यादित रक्कम असताना ती कोठे द्यावी? या क्षेत्रात कोणी प्रत्यक्ष काम केले असल्यास त्यांचे मत विशेष हवे आहे.

गवताचे_पाते

पिल्लांची छायाचित्रे पाहून निर्णय घ्यायचा झाला, तर हा धागा पहिल्याच प्रतिसादात संपेल.

पशुवैद्य_सातारकर

मी काही काळ मध्य कालिमंतानमधील, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडील भागातील, एका पुनर्वसन केंद्रात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

केंद्रात पिल्लू आले की त्याची आई मारली गेली असणार, असेच आम्ही धरून चालत असू. ही मादी पिल्लाला सात-आठ वर्षे सोबत बाळगते, अंगावर पाजते, आणि जीव असेपर्यंत ते कोणाच्या हाती लागू देत नाही. आल्याबरोबर पिल्लाला इतरांपासून वेगळे ठेवतात. क्षय आणि हिपॅटायटिस यांच्या चाचण्या होतात, कारण माणसांच्या घरात साखळीला बांधून वाढलेल्या पिल्लाला माणसांचेच रोग झालेले असतात. त्यानंतर क्ष-किरण तपासणी होते. २०१९ मध्ये सुमात्रातील आचे प्रांतात सापडलेल्या आणि पुढे ‘होप’ हे नाव मिळालेल्या मादीच्या अंगात छऱ्याच्या बंदुकीचे ७४ छर्रे निघाले होते. तिची दृष्टी गेली आणि तिचे पिल्लूही वाचले नाही.

त्यानंतर येते जंगलशाळा. सकाळी सांभाळ करणाऱ्या बायका, ज्यांत दायाक समाजातील पुष्कळजणी असतात, पिल्लांना एकचाकी ढकलगाडीत दाटीवाटीने बसवून झाडीत नेतात. तेथे वेताचा कोंब कसा सोलावा, वाळवी कशी काढावी, सालीच्या आतला कोवळा भाग दातांनी कसा खरवडावा, हे सारे एकमेकांचे पाहून शिकायचे असते. सर्वांत अवघड धडा घरट्याचा. ओरांगउटान रोज संध्याकाळी नवे घरटे बांधतो. जाड फांद्या आत वाकवून एकमेकींत अडकवायच्या आणि वर पानांचे अंथरूण करायचे, एवढे साधायला पिल्लांची वर्षे जातात. आमच्याकडील एक आळशी पिल्लू जमिनीवरच चार पाने गोळा करून त्यावर आडवे होत असे, आणि सांभाळणारी बाई काही न बोलता त्याला उचलून पुन्हा फांदीवर ठेवीत असे. दिवसभर हाच खेळ चाले. जो प्राणी जमिनीवर झोपतो, त्याला मोकळे सोडता येत नाही.

शाळेनंतर नदीतील बेट. ओरांगउटानला पोहता येत नाही, त्यामुळे बेटावर कुंपणाशिवाय त्याची परीक्षा घेता येते. आणि शेवटी दूरच्या जंगलात मुक्तता. इंडोनेशियाच्या १९९५ च्या नियमानुसार ज्या जंगलात रानटी ओरांगउटान आधीच आहेत तेथे पुनर्वसित प्राणी सोडता येत नाहीत, कारण त्यांच्यासोबत रोग जाण्याचा धोका असतो. सोडल्यानंतरही पथके पहाटेच्या घरट्यापासून संध्याकाळच्या घरट्यापर्यंत त्यांच्या मागे फिरून काय खाल्ले, किती वेळ खाली उतरला, याच्या नोंदी ठेवतात.

इतके सांगून माझे मत देतो. केंद्रे बंद करा असे म्हणणाऱ्याने त्या पिल्लाचे काय करायचे, हेही सांगावे.

हिशेबनीस

डॉक्टरसाहेब, आपला प्रतिसाद मनापासून आवडला. परंतु मीनलताईंचा प्रश्न रकमेचा आहे, म्हणून आकडे मांडणे भाग आहे.

बोर्निओत १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ च्या गणितानुसार बोर्निओत सुमारे ५७ हजार आणि सुमात्रात सुमारे १४ हजार उरले होते. २०१७ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून ओळखला गेलेला तपानुली ओरांगउटान सुमात्रातील बातांग तोरूच्या डोंगरांत आठशेहूनही कमी आहे. याउलट केंद्रांतून दरवर्षी जंगलात जाणारे प्राणी डझनांत मोजावे लागतात. गळती लाखात आणि भरती डझनात असेल, तर हिशेब कधी जुळायचा?

२०१८ च्या त्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जेथे जंगल साफ झाले तेथे घट सर्वांत वेगाने झाली, हे खरे. पण संख्येने सर्वाधिक प्राणी उभ्या जंगलातून गेले. याचा अर्थ झाडे असूनही प्राणी मारले जात होते. दोन पिल्लांमध्ये सात ते नऊ वर्षांचे अंतर असणाऱ्या प्राण्याला ही तूट भरून काढता येत नाही. तपानुलीच्या बाबतीत तर वर्षाला एक टक्क्याहून अधिक प्रौढ गमावले तरी ती जात नष्ट होण्याच्या मार्गाला लागते, असे संशोधकांनी दाखवले आहे. म्हणून माझे मत गस्तीला आणि जंगलाला.

पशुवैद्य_सातारकर

हिशेबनीस, आकडे मान्य आहेत, पण त्यांत एक रकाना राहिला आहे. कोणी घरात पिल्लू बाळगले आहे अशी बातमी वनखात्याला लागली, तरी ते जप्त करून ठेवायचे कोठे, हा पहिला प्रश्न असतो. पूर्वी जागेअभावी कारवाई होतच नसे. केंद्र उभे राहिले म्हणजे जप्ती शक्य होते, आणि जप्ती होऊ लागली की पिल्लू पाळण्याची प्रतिष्ठा कमी होते. केंद्राचा खर्च केवळ सोडलेल्या प्राण्यांच्या संख्येने भागून पाहू नये, असे मला वाटते.

हिशेबनीस

प्रतिष्ठा कमी होते हे मान्य. मात्र पिल्लू बाळगल्याबद्दल शिक्षा झाल्याची उदाहरणे इतकी थोडी आहेत की केवळ जप्तीने जरब बसेल, यावर माझा विश्वास नाही.

जुन्नरचा_पाटील

येथे आमच्या भागाचा अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरू नये. ऊसात सापडलेले बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा प्रयोग जुन्नर परिसरात मोठ्या प्रमाणावर झाला. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्याच काळापासून लोकांच्या तोंडी आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून असे पुढे आले की अशा सोडण्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले.

ओरांगउटान माणसांवर हल्ले करीत नाही, त्यामुळे दोन्ही प्रकरणे एक नव्हेत. पण मळ्यात शिरलेला धडधाकट प्रौढ प्राणी बेशुद्ध करून शंभर मैलांवर नेऊन सोडण्याला जेव्हा ‘सुटका’ म्हणतात, तेव्हा मला शंका येते. नेमकी सुटका कोणाची, प्राण्याची की मळेवाल्याची?

पशुवैद्य_सातारकर

पाटील, आपण नेमके बोट ठेवलेत. अनाथ पिल्लाचे पुनर्वसन आणि धडधाकट प्रौढाचे स्थलांतर हे दोन वेगळे विषय आहेत आणि ते एकाच पावतीपुस्तकात घातले जातात. मादी सहसा आपला जन्मप्रदेश सोडत नाही. कोणत्या महिन्यात कोणते झाड फळते, हे तिला तेथेच ठाऊक असते. बोर्निओच्या मलेशियाकडील सबाह राज्यात किनाबातांगन नदीच्या काठी तेलमाडाच्या मळ्यांमध्ये उरलेल्या झाडीच्या पट्ट्यांत ओरांगउटान टिकून आहेत, पिल्लेही वाढवीत आहेत. १९९८ पासून तेथे काम करणाऱ्या ‘हुतान’ या संस्थेने ओढ्यांवर दोरांचे पूल बांधले आणि तुटलेले पट्टे झाडे लावून जोडायला घेतले. प्राणी हलवण्याऐवजी त्याला तेथेच राहू देणे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

खमंग_चकली

तेलमाडाचा विषय निघालाच आहे, तर एक भाबडी शंका विचारते. आपण पामतेल खाणेच बंद केले तर? २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळीसोबत पामतेलच होते. दुकानातील फरसाण, बिस्किटे, साबण, सगळीकडे तेच आहे. माझ्या सासूबाई घाण्याच्या शेंगदाणा तेलाखेरीज काही वापरत नाहीत, म्हणजे संवर्धनात आमच्या घराचा वाटा सर्वांत मोठा ठरावा.

देशावरचा_तेली

सासूबाईंना नमस्कार सांगा, पण सर्वांच्या सासूबाईंना पुरेल इतका शेंगदाणा पिकत नाही. खाद्यतेलाच्या व्यापारात असल्याने दोन गोष्टी सांगतो. इंडोनेशिया आणि मलेशिया मिळून जगातील सुमारे ८५ टक्के पामतेल काढतात आणि आपण त्याचे सर्वांत मोठे आयातदार आहोत. तेलमाडापासून हेक्टरी तीन-चार टन तेल मिळते, तर सोयाबीनपासून जेमतेम अर्धा टन. उद्या सर्वांनी पामतेल सोडले, तर तेवढ्याच तेलासाठी कैकपट जमीन लागेल आणि ती कोणत्या तरी दुसऱ्या जंगलातून येईल.

म्हणून बहिष्कारापेक्षा, नव्याने जंगल न तोडता काढलेल्या तेलाची मागणी करणे योग्य. अडचण अशी की आपली बाजारपेठ भावावर चालते. प्रमाणित तेलासाठी किलोमागे चार पैसे अधिक मोजायला येथे कोणी तयार होत नाही, आणि आमच्या लातूरकडील सोयाबीन उत्पादकाला पामतेलात फक्त पडलेला भाव दिसतो. २०२१ पासून आपल्याकडेही तेलमाड लागवडीचे राष्ट्रीय अभियान चालू आहे आणि त्यात ईशान्य भारत व अंदमान यांवर भर आहे. हुलॉक गिबन हा आपला एकमेव कपी (ओरांगउटानसारखा बिनशेपटीचा वानर) त्याच ईशान्येत राहतो, हे लक्षात असू द्यावे.

संपादक_मंडळ

तेलाच्या भावाची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी, ही विनंती. शेंगदाणा की करडई या वादाने याआधी दोन धागे बंद पडले आहेत.

पाणथळ

मूळ प्रश्नाकडे येऊ. जंगलाला पैसे द्या असे सर्वजण म्हणतात, पण त्या पैशाने प्रत्यक्षात काय होते, हे कोणी सांगितले नाही. मी जलविज्ञानाचा विद्यार्थी असल्याने कालिमंतानचे एक काम जवळून पाहिले आहे.

तेथील सखल जंगलाखाली पीटचे थर आहेत. हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजलेला पालापाचोळा आणि लाकूड साचून ही काळी, भुसभुशीत जमीन तयार झालेली असते. ती जोवर पाण्याने भरलेली आहे तोवर पेटत नाही. १९९६ मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने दहा लाख हेक्टरवर भातशेती करण्यासाठी चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. भात काही पिकला नाही, मात्र कालव्यांनी पीटमधील पाणी ओढून नेले. पुढच्याच वर्षी एल निनोचा कोरडा काळ आला आणि जमीन पेटली. २०१५ मध्ये पुन्हा तसेच झाले. त्या वर्षी इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. मीनलताईंच्या शाळा बंद पडल्या तो धूर अशाच आगींचा. ही आग जमिनीच्या आत सरकत राहते. वरून विझली असे वाटते आणि दोन दिवसांनी वीस पावलांवर धूर निघतो.

यावरचा उपाय दिसायला अगदीच सामान्य आहे. कालव्यात ठरावीक अंतरावर लाकडी खांबांच्या दोन रांगा ठोकायच्या, मध्ये मातीची पोती भरायची आणि पाणी अडवायचे. बांधाच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी चढते आणि पीट पुन्हा भिजू लागते. सबांगाउ राष्ट्रीय उद्यानात, जेथे बोर्निओतील ओरांगउटानच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे, असे अनेक बांध घातले आहेत. अडचण तांत्रिक नाही. याच कालव्यांतून गावकऱ्यांच्या होड्या जातात, म्हणून विश्वासात न घेता घातलेला बांध फोडला जातो. होडी ओढून नेता येईल अशी वाट बांधाच्या कडेला ठेवली की तो टिकतो. या बांधाचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावणार नाही, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

गवताचे_पाते

बांध दत्तक घेण्याची योजना निघाली, तर मी पहिले नाव देतो. खुशालीचे पत्र मात्र हवे: “मी बरा आहे, पाणी अडवतो आहे.”

आरोग्यसेविका_गडचिरोली

पाणथळ यांनी गावकऱ्यांचा उल्लेख केला, त्याला जोडून लिहिते. पश्चिम कालिमंतानमध्ये गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला सुकादाना येथे ‘आसरी’ नावाची संस्था २००७ पासून दवाखाना चालवते. उद्यानालगतच्या गावांना विचारले असता लोकांनी सांगितले की घरात मोठे आजारपण आले की रोख पैशासाठी झाडे तोडावी लागतात. म्हणून ज्या गावात तोड थांबली त्या गावाला उपचारांत सवलत, आणि पैसे नसतील तर रोपे, खत किंवा हातच्या वस्तू देऊनही बिल भागवता येते. लाकूडतोड्यांकडून यंत्रकरवती विकत घेऊन त्यांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल देण्याची योजनाही आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उद्यानातील जंगलतोड दहा वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

आजारपणात रोख रकमेसाठी माणूस काय काय विकतो, हे मी आमच्या भागात पाहते, त्यामुळे मला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नाही.

कसबा_पेठ

पुण्याचा संबंध कोणी सांगितला नाही, म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. भारतातील एकमेव ओरांगउटान म्हणून ओळखली गेलेली बिन्नी ही मादी २००३ मध्ये आमच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून ओडिशातील नंदनकानन येथे गेली आणि मे २०१९ मध्ये तेथे मरण पावली. आपल्या जातीच्या कोणाचीही सोबत नसताना तिने तेथे पंधराहून अधिक वर्षे काढली. कोणी ‘प्राणिसंग्रहालयात असले तर जात टिकते’ असे म्हणू लागला की मला बिन्नी आठवते.

हिशेबनीस

याच संदर्भात २०२४ मधील मलेशियाचा प्रस्ताव आठवतो. पामतेल घेणाऱ्या देशांना ओरांगउटान भेट देण्याची कल्पना त्यांच्या मंत्र्यांनी मांडली होती. टीका झाल्यावर प्राणी मलेशियातच राहतील आणि खरेदीदारांनी ते ‘दत्तक’ घ्यावेत, अशी दुरुस्ती झाली. सर्वांत मोठे खरेदीदार आपण, हे ध्यानात घेतले तर कसबा पेठेत पुन्हा एखादा पाहुणा येता येता राहिला.

भटकी_वैदेही

पर्यटनाविषयी दोन शब्द. मी सुमात्रातील बुकित लावांगला गेले आहे. १९७३ मध्ये दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ स्त्रियांनी तेथे पुनर्वसनाचे काम सुरू केले होते. त्या काळी सोडलेल्या प्राण्यांची वंशावळ आजही वाटसरूंच्या जवळ येते. आमच्या वाटाड्याने पिशवीतून केळे काढून मादीला खाली बोलावले, लोक हातभर अंतरावर जाऊन छायाचित्रे काढू लागले, आणि त्यांतील एकजण चक्क शिंकत होता. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली क्षयाची चाचणी, विलगीकरण, दूरचे जंगल, या सगळ्यावर एका केळ्याने पाणी फिरते. सिंगापूरची मंडळी पाहायला जाणार असतील, तर निदान दहा मीटर अंतर राखणारा आणि खाऊ न घालणारा वाटाड्या आधी शोधावा.

मीनल_सिंगापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमची बैठक झाली. मोठा हिस्सा पीटमधील बांध आणि गस्त यांसाठी द्यायचा, हे पाणथळ आणि हिशेबनीस यांचे प्रतिसाद वाचून दाखवल्यावर फारसा वाद न होता ठरले. दत्तकपक्ष मात्र अजून हट्ट सोडत नाही. डॉक्टर, उरलेली रक्कम केंद्रालाच द्यायची, तर त्यांना काय विचारावे?

पशुवैद्य_सातारकर

तीन गोष्टी विचाराव्यात. सोडलेल्या प्राण्यांवर किती काळ लक्ष ठेवले जाते आणि मेलेल्यांची संख्या ते जाहीर करतात का? धडधाकट प्रौढ हलवण्याआधी तेथेच ठेवण्याचा प्रयत्न होतो का? आणि जे कधीच सोडता येणार नाहीत, त्यांच्यासाठी काय सोय आहे?

तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. हिपॅटायटिस झालेले, आंधळे, वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहून झाडावर चढणे विसरलेले प्राणी प्रत्येक केंद्रात असतात. त्यांचे आयुष्य पन्नास वर्षांचे असू शकते आणि दत्तकाच्या पत्रकावर त्यांचे छायाचित्र सहसा येत नाही. २०१७ मध्ये सापडलेल्या अल्बा या पांढऱ्या मादीला जगभरातून मदत आली आणि पुढच्याच वर्षी ती बुकित बाका बुकित रायाच्या जंगलात गेली, याचा आनंदच आहे; पण तिच्या शेजारच्या पिंजऱ्यातील चाळिशीच्या नराला कोण विचारतो?

हिशेबनीस

अशा प्राण्यांवरचा खर्च जात वाचवण्याच्या खात्यात धरता येणार नाही. पण त्या नराचे घर आपणच मोडले असेल, तर त्याला जेवू घालणे हे वेगळ्या खात्यातील देणे आहे, आणि तेथे मी आकडे मागणार नाही.

मीनल_सिंगापूर

मग तेच. दत्तकपक्षाला पिल्लाऐवजी एक वयस्कर, सोडता न येणारा नर सुचवते. प्रमाणपत्र मिळत असेल तर त्यांची हरकत नसावी. गाल फुगलेल्या आजोबांचे छायाचित्र पाहून मुले काय म्हणतात ते कळवते. पाणथळ, बांधाच्या कडेने होडीसाठी वाट ठेवणाऱ्या संस्थेचे नाव मला निरोपातून पाठवावे.